सुट्टीला निघताय? आधी माळ्यावरची बॅग खाली काढा

तिकिटं हातात आली की पहिलं काम बॅग खाली काढायचं. कपड्यांची यादी नंतर. निघायच्या आदल्या रात्री माळ्यावर चढणारी मंडळी मला दरवर्षी भेटतात, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याच दुकानासमोर उभी असतात. नाशिकच्या मेनरोडच्या मागच्या बोळात आमचं बॅगा दुरुस्तीचं दुकान आहे. आधी वडील बसायचे, आता मी बसतो. शाळांना उन्हाळी सुट्टी लागली की आणि पुन्हा दिवाळीच्या तोंडावर दुकानात पाय ठेवायला जागा नसते. "भाऊ, संध्याकाळची गाडी आहे, तेवढी चेन बसवून द्या!" त्या घाईत चेन बसते, पण त्याच रंगाची, त्याच नंबरची मिळेल याची खात्री नसते, आणि शिलाई जेवढी निवांत व्हायला हवी तेवढी होत नाही. म्हणून कळकळीने सांगतो, पंधरा दिवस आधी बॅग खाली काढा.

बॅगा कशाने मोडतात हे रोज बघतो, त्यावरून प्रवासाच्या तयारीचं माझं एक गणित पक्कं झालं आहे. ज्याची बॅग त्याला ती एकट्याने, जिन्यावरून, मध्ये न टेकवता नेता आली पाहिजे. किती कपडे, किती खाऊ, केवढी बॅग, हे सगळं त्या मापात बसवायचं. पुढे जे लिहिलं आहे ते या एकाच हिशोबाने.

बॅग तपासायची कशी

बॅग रिकामी असताना जमिनीवर आडवी ठेवा आणि चेन दोन वेळा पूर्ण फिरवून बघा, कोपऱ्यांवर जास्त लक्ष देऊन. चेन वळते तिथेच दगा देते. रनर पुढे गेला आणि त्याच्या मागे दाते पुन्हा उघडले, तर लोकांना वाटतं चेन गेली. बहुतेक वेळा चेन ठणठणीत असते, रनरचं तोंड सैल झालेलं असतं. वर्षानुवर्षं पुढेमागे होऊन रनरच्या वरच्या आणि खालच्या पात्यांमधली फट वाढते, मग दाते एकमेकांत दाबून बसवण्याइतकी पकड त्यात उरत नाही. घरी पक्कड असेल तर रनरच्या मागच्या टोकाला एका बाजूने हलकेच दाबा, मग तेवढंच दुसऱ्या बाजूने, आणि प्रत्येक दाबानंतर चेन ओढून बघा. जोर लावू नका. बरेच रनर जस्ताच्या ओतीव धातूचे असतात, ते वाकायच्या आधी तडकतात. तरीही दाते बसले नाहीत तर रनर बदलायचा. त्याच्या पाठीवर बहुधा 5, 8 किंवा 10 असा आकडा असतो, तो चेनचा नंबर. जुना रनर तुटून हातात आला असेल तर फेकू नका, सोबत घेऊन या, म्हणजे जोडीचा शोधायला वेळ जात नाही. रनर बदलणं हे थोडक्यातलं काम आहे. अख्खी चेन बदलायची म्हणजे शिलाई उसवून पुन्हा घालायची, त्याला दिवस लागतो.

चेन अडखळत असेल तर साधी मेणबत्ती दातांवरून घासा. तेल अजिबात नको. तेलावर धूळ बसते, आणि तोच काळा राप पहिल्या दिवशी पांढऱ्या शर्टाला लागतो.

मग बॅग उलटी करून सगळी चाकं बोटाने फिरवा. अडकत असतील तर आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळलेले असणार, ते ब्लेडने कापून काढा. पुढची परीक्षा महत्त्वाची. चाकाच्या कडेला अंगठ्याचं नख रोवा. नख रुतलं, भुगा निघाला किंवा बोट चिकट झालं, तर ते चाक नाशिकरोडच्या फलाटापर्यंतही टिकणार नाही. बऱ्याच बॅगांची चाकं पॉलियुरेथेनची असतात. हवेतल्या ओलाव्याने हा माल आतून विरत जातो, बॅग वापरा अगर न वापरा. "अहो, दोनदाच वापरली आहे, नवीकोरी आहे," असं कोणी म्हणालं की मी आधी चाकावर नख लावतो. आपल्याकडचे पावसाळे माळ्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून काढलेली बॅग सगळ्यात लवकर जाते. आतल्या रेक्झिनसारख्या अस्तराचे पापुद्रे सुटतात तेही याच दमटपणाने. प्रवासाहून आल्यावर बॅग रिकामी करून दिवसभर उघडी वाऱ्यावर ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि जुन्या सुती चादरीत बांधून वर टाका. वर्तमानपत्र ओल धरतं, सुती कापडातून हवा खेळते.

दांड्याची एकच गोष्ट. ट्रॉलीचा दांडा ओढण्यासाठी आहे. भरलेली बॅग दांड्याला धरून उचलली की आतल्या बारीक नळ्या वाकतात, मग दांडा अर्ध्यातच अडतो. रिक्षात चढवताना, जिन्यावर, डब्यात शिरताना बॅगेची कापडी मूठ धरा. त्या मुठीची शिलाई आणि रिव्हेट आधी ओढून बघा. शिलाईचा एक टाका सुटलेला दिसला तरी त्याच दिवशी दुरुस्तीला द्या. एका टाक्यामागून सगळे टाके जातात, आणि ते जातात बॅग पूर्ण भरलेली असतानाच.

नवीन घेणार असाल तर आधी प्रवास कसला आहे ते बघा. रेल्वेने आणि एसटीने जाणाऱ्यांनी कापडी बॅग घ्यावी. ती बर्थखाली दबून बसते आणि फाटली तर शिवता येते. विमानाने जाणाऱ्यांना कडक बॅग बरी, पण ती पॉलिकार्बोनेटची आहे का विचारा, कारण ती दबते आणि पुन्हा फुगते. स्वस्तातल्या एबीएसच्या बॅगा कोपऱ्यावर आपटल्या की तडकतात, आणि तडकलेल्या कोपऱ्याला माझ्याकडेही खात्रीचा इलाज नाही. चार चाकांची बॅग विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर सुरेख पळते. आपल्या रस्त्यांवर, फलाटावरच्या खडबडीत लाद्यांवर मात्र अंगात बसवलेली दोन मोठी चाकं जास्त वर्षं निघतात. आणि चार चाकांची बॅग गाडीत उभी ठेवली तर ती डब्याच्या वाटेत फिरत राहते, तिला आडवंच करावं लागतं.

तीन आकड्यांचं कुलूप असेल तर नंबर घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. विसरलात तर फोडू नका. 000 पासून 999 पर्यंत हजारच आकडे असतात. एका हाताने खटका ओढून धरून एकेक लावत गेलं की फार तर तासाभरात उघडतं. बॅगेच्या आत, झाकणाला, नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. बाहेरच्या लेबलवर घरचा पत्ता लिहू नका. घराला कुलूप आहे हे सगळ्या गाडीला कळायची गरज नाही.

वजनाचा हिशोब

रेल्वेत माणशी किती सामान मोफत नेता येतं हे ठरलेलं आहे. एसी फर्स्टला 70 किलो, टू टायरला 50, थ्री टायर आणि स्लीपरला 40, सेकंड क्लासला 35. आकडे ऐकून लोक खूश होतात आणि तेवढं भरतात. पण नाशिकरोडला लांबच्या गाड्या थोडाच वेळ थांबतात, आणि तेवढ्यात सासू, नातू, पाण्याचा कॅन आणि चाळीस किलोची बॅग डब्यात जायची असते. साठीच्या पुढच्या माणसाची बॅग आठ किलोपुढे जाऊ नये असं माझं मत आहे, धडधाकट माणसाची पंधरापुढे. घरात वजनकाटा असेल तर आधी नुसते उभे राहा, मग बॅग घेऊन उभे राहा, फरक तो बॅगेचा. विमानात बहुतेक कंपन्यांच्या साध्या तिकिटावर देशांतर्गत प्रवासाला सोबत 7 किलो आणि चेक-इनला 15 किलो चालतात. तिकिटावर छापलेलं असतं, ते वाचूनच भरा.

चौघांच्या कुटुंबाला एक प्रचंड बॅग घेण्यापेक्षा दोन मध्यम बॅगा आणि प्रत्येकाच्या पाठीला एक सॅक हे मला केव्हाही पटतं. मोठी बॅग कुणा एकाच्याच गळ्यात पडते, आणि तो एक माणूस सुट्टीभर हमाली करतो. शिवाय मोठी बॅग अर्धी रिकामी दिसते म्हणून घरातलं कोणीतरी शेवटच्या क्षणी त्यात काहीतरी कोंबतंच.

कपडे किती? आठ दिवसांच्या सहलीला घातलेला एक आणि बॅगेत चार जोड पुरतात, मध्ये एकदा धुवायचे. हॉटेलात कपडे वाळत घालायला सात-आठ हात नायलॉनची दोरी आणि सहा चिमटे घेतले की काम भागतं. लग्नात घालायची साडी, "कुठे हॉटेलात जेवायला गेलो तर" म्हणून घेतलेला ब्लेझर, नवे कोरे बूट, हे घरी ठेवा. नव्या बुटांनी दुसऱ्याच दिवशी टाच सोलते. घालायचेच असतील तर दोन आठवडे आधीपासून गंगापूर धरणाकडे सकाळचे फिरायला जाताना घाला.

भरताना जड वस्तू चाकांच्या बाजूला ठेवा. बॅग उभी केली की चाकं खाली येतात, आणि वजन तिथे असलं तर बॅग डोलत नाही, तोंडावर पडत नाही. बूट जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून तळाशी, त्यांच्या पोकळीत मोजे. जीन्स आणि टीशर्ट घट्ट गुंडाळी करून. सुती साडी आणि इस्त्रीचे शर्ट मात्र सपाट, सगळ्यात वर. तेल, शाम्पू, लोशनची बाटली भरताना वर थोडी जागा सोडा, तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून वरून झाकण आवळा, मग ती पिशवीत. माझ्याकडे धुवून न जाणारे डाग घेऊन येणाऱ्या बॅगांत पहिला नंबर खोबरेल तेलाचा आहे.

एका बॅगेत एकाचेच सगळे कपडे भरू नका. प्रत्येक बॅगेत प्रत्येकाचा निदान एक जोड असू द्या. विमानात एखादी बॅग मागे राहिली तर दोन दिवस कुणालाच अंगावरच्या कपड्यांत काढावे लागत नाहीत.

आणि शेवटी चेन लावताना तिला ओढायला लागू नये. गुडघा ठेवून, दुसऱ्याला वर बसवून चेन लावली की दात्यांवर जो ताण येतो तो प्रवासभर तसाच राहतो. झाकण हाताने सहज टेकलं पाहिजे, रनर दोन बोटांनी फिरला पाहिजे. फिरत नसेल तर एक काहीतरी बाहेर काढा. येताना खरेदीसाठी जागा लागतेच, तिची सोय जातानाच करा. एक पातळ कापडी पिशवी घडी करून तळाशी ठेवली की पुरते.

खाऊचा डबा

या बाबतीत आमच्या घरी हिचा शब्द शेवटचा. लांबच्या गाडीला ती दशम्या करते. कणीक पाण्याचा थेंब न घालता दुधात भिजवायची, चवीला मीठ आणि किंचित गूळ, थोडं जास्तीचं मोहन. पोळीपेक्षा जाड लाटून मंद आचेवर दोन्हीकडून तेल सोडून भाजायची. भर उन्हाळ्यात साधी पोळी दुसऱ्या दिवशी तार धरते, दशमी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. खरं कौशल्य भाजल्यानंतरचं आहे. गरम दशम्या एकावर एक रचल्या की वाफ आत कोंडते, आणि अन्न नासतं ते त्या पाण्याने. ही सुती पंचा पसरून त्यावर एकेक दशमी सुटी टाकते, पंख्याखाली पूर्ण गार होऊ देते, उलटते, पुन्हा थांबते. मग पंच्यात गुंडाळून डब्यात. गरम असताना फॉइलमध्ये बांधायची सवय सोडा.

सोबत कोरडी चटणी: शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची, कोणतीही, पण ओलं खोबरं आणि कच्चा कांदा नसलेली. तिखटमिठाच्या पुऱ्या, शंकरपाळे, लाडू. नाशिकचा चिवडा न्यायचाच, पण घरी आणल्यावर एकदा पसरून गार करा, डब्याच्या तळाशी कागद घाला, म्हणजे तेल खाली उतरत नाही. मेतकूट आणि सातूचं पीठ छोट्या बरण्यांत घ्या. मुलाचं पोट बिघडलं तर परगावी मऊ भात मिळतो, मेतकूट मिळत नाही.

पाहुण्यांकडे जाताना द्राक्षं न्यायचा मोह आपल्याला होतोच. न्यायची तर न धुता, एकाच थरात, कडक खोक्यात, आणि ते खोकं हातात. द्राक्षांवरची पांढुरकी लव धुतली की ती लवकर मऊ पडतात. लांबचा प्रवास असेल तर बेदाणे न्या, ते कुठेही पोचतात.

विमानाने जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, त्यात तेल भरपूर असल्याने ते पेट घेणाऱ्या मालात धरलं जातं. बेंगळुरूला लेकीकडे मसाल्याचं सामान घेऊन जाणाऱ्या मावशींना हे विमानतळावर कळतं आणि फार वाईट वाटतं. लोणचं चेक-इनच्या बॅगेत, दुहेरी पिशवीत. काडेपेटी आणि लायटर घरीच.

औषधं आणि कागद

रोजच्या गोळ्या असणाऱ्यांनी सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभराच्या जास्त घ्याव्यात आणि दोन ठिकाणी विभागाव्यात, अर्ध्या खांद्यावरच्या पिशवीत, अर्ध्या दुसऱ्या कुणाच्या सॅकमध्ये. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका, नाव आणि मुदत दिसली पाहिजे. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक प्रत कागदावर. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपल्याकडचा ब्रँड दुसऱ्या राज्यात मिळेलच असं नाही. इन्सुलिन विमानात कायम सोबतच्या पिशवीत, चेक-इनला दिलं तर गारठून निकामी व्हायचा धोका असतो. रेल्वेत थर्मासमध्ये ठेवताना बर्फाला थेट टेकू देऊ नका, मध्ये रुमाल घाला.

मुलांसाठी ओआरएसची पाकिटं हवीतच. एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचं, थोडं थोडं घालायचं नाही, आणि केलेलं पाणी 24 तासांनी टाकून द्यायचं. घाटात उलटी होणाऱ्यांनी गोळी कोणती आणि किती ते डॉक्टरांना विचारून घ्यावी आणि गाडी घाटाला लागायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. कसारा घाटात पहिलं वळण आल्यावर घेतलेल्या गोळीने आजवर कुणाला वाचवलेलं नाही. सोबत आलेपाक आणि दोन-चार कागदी पिशव्या समोरच्या कप्प्यात असाव्यात.

रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी सुरू होतं, पूर्वीसारखं 120 नाही. मे महिन्याचं जायचं तर मार्चमध्येच दिवस मोजून बसायचं. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी 10 वाजता, बिगर एसीचं 11 वाजता, आणि 2025 पासून ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी पडताळलेलं लागतं. ते काम आजच करून ठेवा, ऐनवेळी ओटीपी येत नाही. ओळखपत्र मूळ असावं, किंवा डिजीलॉकरमधलं. तिकीट, हॉटेलचा पत्ता, परतीचं तिकीट यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, डोंगरात नेटवर्क जातं. आणि घरातल्या तिघाचौघांचे नंबर एका कागदावर पेनाने लिहून पाकिटात ठेवा, मुलांच्या खिशातही. मोबाइल हरवला तर स्वतःच्या बायकोचा नंबर आठवत नाही अशी आपली सगळ्यांची गत झाली आहे.

काश्मीर आणि लडाखला जाणाऱ्यांना बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. निदान एकाचं तरी निघायच्या आधी करून घ्या. पॉवर बँक विमानात चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही, सोबत ठेवायची. साधारण 20,000 एमएएचची चालते, ती 100 वॉट-अवरच्या मर्यादेत बसते, पण तिच्यावरचा आकडा वाचता आला पाहिजे. पुसला गेला असेल तर अडवू शकतात. रेल्वेत रात्री 11 ते पहाटे 5 चार्जिंगचे सॉकेट बंद ठेवतात, त्यामुळे जेवणाआधी फोन भरून घ्या.

जिथे जायचं तिथली हवा

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचावर, हवा कोरडी. आपल्याकडे रात्री वाळत घातलेला टॉवेल सकाळी कडकडीत असतो. कोकणात आणि गोव्यात तो दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो, म्हणून तिकडे जाताना जाड टॉवेलऐवजी पंचे घ्या, जीन्स कमी, सुती कपडे एक जोड जास्त, आणि ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे. तिथे विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्यायची, तेवढे दिवस आखणीत धरा आणि दम्याचा, हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. केदारनाथही साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, शिवाय चारधामची नोंदणी आधी करावी लागते. थंडीच्या ठिकाणी एकच जाडजूड कोट न्यायचा नसतो. आत अंगालगतचा थर्मल, वर स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट असे थर असले की दुपारी उतरवता येतात. जॅकेट प्रवासात अंगावर घाला, बॅगेतली निम्मी जागा वाचते.

घर बंद करताना

सोनं आणि महत्त्वाचे कागद लॉकरमध्ये. दूध आणि वर्तमानपत्र बंद करायचं निघायच्या दोन दिवस आधी सांगा, दारात साठलेल्या पेपरांवरून घर रिकामं आहे हे लांबूनही कळतं. गॅसचा रेग्युलेटर बंद, पाइपचा गॅस असेल तर मीटरजवळची चावी बंद. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, कारण नळाची एक गळती खालच्या मजल्यावरच्या घराचं छत खराब करते आणि परत आल्यावर सुट्टीचा सगळा आनंद जातो. आठवड्यापेक्षा जास्त दिवस जाणार असाल तर फ्रिज रिकामा करून, पुसून, दार थोडं उघडं ठेवून बंद करा.

तुळशीचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. बादलीभर पाणी कुंडीपेक्षा उंच स्टुलावर ठेवा. जाड सुती दोरी आधी पूर्ण भिजवा, एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीच्या मातीत चार बोटं खोल. दोरीतून पाणी आपसूक झिरपत राहतं. निघायच्या तीन-चार दिवस आधी करून बघा, माती किती ओली राहते ते कळेल. द्राक्षबागांच्या मुलखात ठिबकची बारीक नळीही सहज मिळते, ती आणखी बरी. कुंडी मात्र सावलीत घ्या.

किल्ली शेजारच्या काकूंकडे, आणि त्यांना कुठे, किती दिवस, हे सांगून. स्टेटसला फोटो आल्यावर टाका. मला माहीत आहे, राहवत नाही, पण आल्यावरच टाका.

निघतानाचा वेळ

जुन्या नाशकातून नाशिकरोड आठ-नऊ किलोमीटर. द्वारका चौकात संध्याकाळी किती वेळ जाईल याचा भरवसा कोणी देत नाही, आणि सध्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते कधी कुठे वळवतील हेही आदल्या दिवशी विचारून घ्यावं लागतं. गाडीच्या वेळेआधी पाऊण तास फलाटावर असायचं असं धरून घरातून निघा. मुंबईहून विमान असेल तर पावसाळ्यात कसारा घाटासाठी दोन तास जादा ठेवा. ओझरहून विमान असेल तर हा घोर नाही, पण तिथेही वेळेत पोचा.

रिक्षात बसण्याआधी सगळ्या बॅगा ओळीने उभ्या करून एक फोटो काढा. एखादी हरवली तर रंग, आकार, सगळं दाखवता येतं. नग मोजा आणि तो आकडा सगळ्यांना मोठ्याने सांगा, मुलांनाही. पुढे दर वेळी चढता-उतरताना मोजायचं काम मुलांकडे द्या, ती चुकत नाहीत.

फलाटावर डबा कुठे येणार ते पाटीवर बघून तिथेच उभे राहा. गाडी थांबली की आधी घरातला सगळ्यात चपळ माणूस रिकाम्या हाताने चढेल. मग खालून बॅगा त्याच्या हातात, मुठीला धरून, मोठ्या आधी. मग मुलं आणि म्हातारी माणसं, आणि खाली उभा असलेला माणूस सगळ्यात शेवटी. जागेवर पोचलात की बॅगा बर्थखाली आडव्या, चाकं भिंतीकडे, चेनचं तोंड आत. बर्थखालच्या कडीतून साखळी ओवून दोन बॅगांच्या मुठी एकत्र कुलूपबंद करा. औषधांची पिशवी आणि पाकीट रात्री उशाखाली. काही अडचण आली तर रेल्वेचा मदत क्रमांक 139 आहे, तो मोबाइलमध्ये आधीच साठवून ठेवा.